खेळाचं पान

“पेपर बंद करायचा. ज्यांना पटतंय त्यांनी हात वर करा,” नाणू म्हणाला. त्याच्या हातात तोच पेपर होता, घडीसुद्धा न मोडलेला.

सगळ्यांत आधी वर गेला तो चात्तुकुट्टीचा हात.

जाणारच. कुमारन बत्तीस वर्षं त्याच्या मांडीला मांडी लावून विड्या वळत आला होता. तंबाखूची धूळ खाऊन खाऊन, खोकून खोकून मेला बिचारा. आणि पेपरानं काय छापावं? विडीकामगार दारूनं गेला! चात्तुकुट्टीनं त्याला खांदा दिला होता. त्यानं हात वर करायचा नाही तर कुणी? बघता बघता साठ हात वर झाले. टाळ्या पडल्या. एकट्या नाणूनं टाळी वाजवली नाही. तो चात्तुकुट्टीकडे बघत राहिला.

नाणू केरळातल्या कण्णूरच्या त्या विडी कारखान्याचा वाचक. बाकीचे विड्या वळत बसायचे आणि हा सकाळभर मोठ्यानं पेपर वाचायचा. त्याच्या वाटच्या विड्या सगळे मिळून वळून द्यायचे. पहिल्या पानापासून सुरुवात, आणि अगदी शेवटी जिल्ह्यातल्या खेळांचं पान. तिथं नाणूचा आवाज जरा चढायचा. ‘वडकरा इथल्या व्हॉलीबॉल सामन्यात पवित्रन यांच्या जोरदार फटक्यांनी...’ तो कुणाकडेही न बघता वाचायचा. चात्तुकुट्टी मान खाली घालून विडीची पानं कापत असायचा. त्याची कात्री तेवढ्यापुरती थांबायची.

पवित्रन त्याचा मुलगा. एकुलता एक. चार वर्षांपूर्वी मालकाविरुद्ध संप चालू होता, घरात पेजेची मारामार, आणि हा पठ्ठ्या त्याच मालकाच्या संघातून खेळायला गेला. “त्याचा सदरा अंगात घालून या घराची पायरी चढायची नाही,” चात्तुकुट्टीनं बजावलं होतं. पोरगा बापाच्याच वळणाचा. तो आलाच नाही. पुढं संप मिटला, मालक कारखाना सोडून गेला, त्याचा संघही मोडला. पण सुंभ जळला तरी पीळ काही जळत नाही. बापलेकांचा अबोला होता तिथंच राहिला.

चात्तुकुट्टीसमोर पवित्रनचं नाव काढायची कुणाची छाती नव्हती. नाव निघायचं ते नाणूच्या तोंडून, पेपरातलं म्हणून. आणि चात्तुकुट्टी तर अक्षरशत्रू. पोरगा कुठं आहे, हातीपायी धड आहे ना, हे त्याला कळायचं ते तेवढ्याच दोन ओळींतून.

आता त्या पेपराच्या जागी कम्युनिस्ट पक्षाचा पेपर येऊ लागला. त्यात पानंच्या पानं भाषणं.

“नाणू, हे ऐकून विडीलासुद्धा झोप येते रे!” म्हातारा कोरन ओरडला आणि सगळे हसले. खेळाच्या पानावर रशियाच्या मुलींच्या कोलांट्या होत्या. चात्तुकुट्टी त्याही कान देऊन ऐकायचा. न जाणो, शेवटी एखादी ओळ असेल.

महिन्याभरानं चहाच्या सुट्टीत नाणू त्याच्या जवळ येऊन बसला. तो चात्तुकुट्टीला एट्टा, म्हणजे थोरला भाऊ, म्हणायचा.

“चात्तुएट्टा, आमच्या शेजारी एकाकडे तो पेपर येतो अजून. चाळून येऊ का? खेळाचं पान तेवढं.”

“कशाला? कुमारनची राख थंड झाली का?”

“तुमच्यासाठी म्हणतोय.”

“माझं काही अडलेलं नाही.”

अडलेलं होतं. रात्ररात्र डोळ्याला डोळा लागत नव्हता. पोरगा पडला असेल, गुडघा मोडला असेल, नाही नाही ते मनात यायचं. पण ज्यानं पहिला हात वर केला, त्यानंच चोरून डोकवायचं? थू! असलं जिणं त्याला जमणारं नव्हतं.

आणखी महिना गेला. शेवटी पेपरानं माफी छापली. कुमारनच्या बायकोचं नाव घेऊन, पहिल्या पानावर. कारखान्यात लाडू वाटले. दुसऱ्या दिवसापासून तो पेपर पुन्हा सुरू झाला. नाणूचा आवाज पुन्हा चढू लागला. हा संघ जिंकला, तो हरला. पवित्रनचं नाव कुठंच नाही. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, आठ दिवस झाले.

नवव्या दिवशी नाणूनं पेपर मिटला आणि चात्तुकुट्टीनं चार वर्षांत पहिल्यांदा पोराचं नाव काढलं.

“आमच्या पवित्रनचं काही नाही का रे?”

साठ कात्र्या थांबल्या.

नाणूनं पिशवीतून दोन जुने अंक काढले. “काल पेपर-एजंटानं दिले, एट्टा. म्हणाला, गावाला वाटलं तुम्हाला ठाऊक आहे. मघापासून घेऊन बसलोय, जीभ रेटत नव्हती. तुम्ही नको म्हणालात ना, त्याच आठवड्यातले आहेत.”

“वाच.”

नाणू वाचू लागला. आज आवाज चढला नाही.

“‘रविवारी पय्यन्नूरच्या मैदानावर पवित्रन यांचा निरोपाचा सामना. ते नोकरीसाठी आखातात जात आहेत. आमच्या वार्ताहराला ते म्हणाले: माझे वडील वाचत नाहीत, पण रोज ऐकतात. त्यांना ऐकू जावं म्हणून हे खेळाच्या पानावरच छापा. पहिल्या रांगेत त्यांच्यासाठी खुर्ची धरून ठेवतोय. ते येऊन नुसते बसले, तरी मी जाणार नाही.’”

कुणीतरी नाक ओढलं. चात्तुकुट्टीच्या मांडीवरचं सूप कलंडलं, तंबाखू जमिनीवर सांडली. त्यानं ती भरली नाही.

“दुसरा अंक?”

“त्यात नुसता निकाल आहे, एट्टा. जिंकले ते.”

“नाणू, आजवर तू एक ओळ गाळली नाहीस. वाच.”

नाणूनं अंक डोळ्यांजवळ धरला.

“‘सामना संपल्यावर पवित्रन बराच वेळ त्या रिकाम्या खुर्चीपाशी उभे होते. वडिलांचं उत्तर मिळालं, एवढंच म्हणाले आणि आखातात जायला त्यांनी मुंबईची वाट धरली.’”