मेणाचा सेनापती

"तूच मारलंस माझ्या पोराला. आणि वर त्याला पळपुटा म्हणालास."

होस्तिलिया रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. अंत्ययात्रा थांबली. तिरडीवर सेनापतीचं प्रेत होतं, आणि तिरडीपुढे सेनापतीच चालत होता. म्हणजे लुर्को नावाचा नट. मेलेल्याच्या चेहऱ्याचा मेणाचा मुखवटा, त्याचाच जांभळा झगा, तसंच लंगडणं, तोच बसका आवाज. रिवाजच तसा. लोकांनी मुखवट्याला टोमणे मारायचे, मुखवट्याने ते परतवायचे, चितेपर्यंत हसत जायचं. मुखवटा निरुत्तर झाला तर मेलेला उत्तर शोधत घरी परततो, असं बायका म्हणत.

आतापर्यंत लुर्को रंगात होता. एका खाटकाने विचारलं होतं, "सेनापती, आता वर काय करणार?" मुखवटा म्हणाला, "आधी वेस तर दिसू दे, मग लुटतो की." सेनापतीचा मुलगासुद्धा हसला होता.

आता कुणी हसलं नाही. एक पलटण लढाईतून मागे फिरली होती, ते सगळ्यांना ठाऊक होतं. सेनापतीने दर दहा जणांपुढे एक मडकं ठेवलं. आत नऊ पांढरे खडे, एक काळा. काळा ज्याच्या हाती येईल, त्याला उरलेल्यांनी सोट्यांनी ठेचायचं. पुढची लढाई जिंकली. तिच्या नावाने दगडी कमान उभी राहिली. शाळेत मास्तर पोरांकडून घोकून घेतात : शिस्त. ठेचलेल्यांचं नाव त्या कमानीवर कुठेच नाही.

"म्हातारे, शिस्त म्हणजे शिस्त," मुखवटा म्हणाला. "तुझा नुमेरियस पळाला नसता तर..."

तो मध्येच थांबला. होस्तिलियाने पोराचं नाव घेतलंच नव्हतं.

ती पुढे झाली आणि तिने मुखवटा ओढून काढला. आत घामाने निथळणारा एक माणूस होता. मागून शिव्या आल्या, तिरडी पुढे काढा म्हणून ओरडा झाला. ती हलली नाही.

"आम्ही पलटणीत एका तंबूतले," लुर्को म्हणाला. हा आवाज त्याचा स्वतःचा होता, बारीक. "तो पळाला नाही, आई. मी पळालो. खडा त्याच्या हाती आला, सोटा माझ्या. लोक म्हणतात, सेनापतीचा हुबेहूब आवाज काढतोस. मी काढत नाही. 'मारा' म्हणाला ना, तेव्हापासून तो आवाज कानातून गेलेलाच नाही."

त्याने मान खाली घातली. आता ही मारणार, असं त्याला वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं.

होस्तिलियाने मुखवटा त्याच्या तोंडावर परत चढवला. मागे दोरी बांधली, घट्ट.

"तुझं मी नंतर बघते. आता सेनापतीच्या आवाजात सांग, सगळ्यांदेखत. माझा पोरगा पळाला होता का?"