काचेच्या तळाची बोट

"हात धर. आई बघतेय."

"धरलाय. इतका आवळू नकोस, पळून नाही जात मी."

मुलगा आणि सून छातीएवढ्या पाण्यात उभे होते. डोळ्यांवर मास्क, कपाळावर चढवलेली नळी, पायांत बदकासारखे फिन्स. शेजारी काचेच्या तळाची बोट डुलत होती आणि तिच्या मधोमध आई वाकून बसली होती, काचेला नाक लावायच्या बेतात. तिला पोहता येत नव्हतं. बघायला मात्र उत्तम येत होतं.

लग्नाच्या दहाव्या वाढदिवसाची ही सहल आईचीच भेट. भेट जरा उशिरा पोचली, इतकंच. कोर्टाने दोघांना गेल्या हिवाळ्यातच एकमेकांपासून मोकळं केलं होतं. नेमका त्याच सुमारास आईच्या हृदयात स्टेंट बसवला आणि डॉक्टर म्हणाले, धक्का बसेल असं काही तिच्या कानावर घालू नका. पुढे आईची तब्येत सुधारत गेली आणि मुलाचा धीर खचत गेला.

सून आली ती एका अटीवर. हे नाटक शेवटचं. परतल्यावर आईला सगळं सांगायचं, आणि ते त्याने सांगायचं.

बाबा घरीच राहिले होते. "समुद्र बघून त्यांना चक्कर येते," आई म्हणाली होती. काल मुलाने विचारलं, "बाबांना फोन केलास का?" तर म्हणाली, "झोपले असतील." भर दुपारी.

गाईडने बजावलं, जोडीने पोहायचं आणि हात सोडायचा नाही. प्रवाह दिसत नाही, पण ओढतो. दोघांनी नळ्या तोंडात खोचल्या आणि माना खाली घातल्या. नळी तोंडात असली की दोघांचं छान जमायचं. ही सोय घरात असती तर कोर्टाचे हेलपाटे वाचले असते.

खाली प्रवाळ पसरले होते आणि पिवळ्या पट्ट्यांचे मासे घोळक्याने फिरत होते. वर काचेत आईचा चेहरा. सुनेने तिला हात हलवून दाखवला. मुलाने एक निळा मासा दाखवला, सुनेने कौतुकाने मान डोलावली. बोट जरा लांब सरकली तशी दोघांनी पाण्याबाहेर तोंडं काढली.

"आज संध्याकाळीच सांग."

"इथे? हॉस्पिटल कुठे आहे ते तरी माहितीय का तुला?"

"तू ना, जन्मभर हेच करणार."

"आली आली, बोट आली. घाल नळी."

दुसऱ्या फेरीत सुनेच्या पोटरीत गोळा आला. ती वेडीवाकडी झाली, नाकातोंडात पाणी गेलं. मुलाने तिला उताणी केली, डोकं खांद्यावर घेतलं आणि दुसऱ्या हाताने पोटरी चोळत राहिला. हे ठरलेल्या नाटकात नव्हतं. गाईड पोचेपर्यंत ती त्याच्या गळ्याला घट्ट धरून होती. बोटीतली आई काचेवर दोन्ही तळवे टेकून बघत होती.

संध्याकाळी तिघं किनाऱ्यावर बसली. आई म्हणाली, "मला तुमच्याशी बोलायचंय. आज त्या काचेतून मला सगळं स्वच्छ दिसलं."

मुलाने सुनेकडे पाहिलं. सुनेने वाळूकडे.

"आई, तू आधी गोळी घेतलीस का?"

"घेतली. मध्ये बोलू नकोस. तुम्हाला वाटतं, म्हातारीला काही कळत नाही. ही सहल मी उगाच नाही काढली. मला बघायचंच होतं, तुमचं कसं चाललंय ते."

"आई, आम्ही सांगणारच होतो," सून म्हणाली. "फक्त तुमची तब्येत..."

"अगं, सांगायचं काय त्यात? दिसतंय की! पाण्याखालीसुद्धा हात सुटत नाही तुमचा. हिचा पाय आखडला तर ह्याचा जीव कासावीस." आईने डोळे पुसले. तिचा आवाज मात्र मोकळा होता. "वर्षानुवर्षं थांबले मी. म्हटलं, मुलाचं घर नीट उभं आहे असं एकदा डोळ्यांनी बघू दे, मग दुसरं काही नको. आज बघितलं. आता परत गेले की मी तुझ्या बाबांना सोडतेय."

आईने हातांची वाळू झटकली.

"एखादा चांगला वकील आहे का रे ओळखीत? पण जाऊ दे, तुम्हाला कुठला ठाऊक असणार!"