मधला तुकडा

इंद्रभानजी देशमुखांनी हयातभर माळरानं पालथी घालून दगड झालेलं एक ताडाचं खोड तुकड्यातुकड्यानं जुळवलं आणि ते ठेवायला पदरच्या पैशानं संग्रहालय बांधलं. मधला एकच तुकडा मिळत नव्हता. तो इंझोरीत सापडला. गोजराबाई विहिरीवर त्याच्यावरच धुणं आपटत होती.

"बाई, हा मले दे. बदल्यात नवा घडीव दगड देतो."

"काहून? काय हाय याच्यात असं?"

"सहा कोटी वर्सांचा हाय हा!" देशमुख ऐटीत म्हणाले.

"इतकी वर्सं टिकला, मंग मी नवा कायले घेऊ?" बाईनं पुन्हा लुगडं आपटलं.

उद्घाटनाच्या दिवशी खोडाच्या मधोमध हातभर जागा रिकामीच होती. तिथं देशमुखांच्या अक्षरात पाटी होती: 'हा तुकडा इंझोरीला गोजराबाईंकडे आहे. अजून वापरात आहे.'