वळणावर बरी गाडी

हाडांच्या वॉर्डात दोघे मित्र शेजारशेजारच्या खाटांवर पाय टांगून पडले होते. सकाळपासून एकच वाद चालला होता.

"तुझी गाडी म्हणजे नुसती म्हैस. वळायचं म्हटलं की आधी तिची मनधरणी करा."

"आणि तुझ्या हलक्या गाडीनं काय दिवे लावले? जरा झुकवली की मागचं चाक सटकतं. काकू, सांगा तुमच्या लेकाला."

काकू लेकाचं लघवीचं भांडं उचलत होत्या. भांड्याची वाटली नव्हती, तेवढी किळस त्यांना या बोलण्याची वाटली.

"देवानं जीव वाचवला तो याच्यासाठी का रे?"

लेक हसला. "आई, तुला नाही कळायचं. आम्ही पडलो त्या घाटातल्या वळणावर दोन्ही गाड्या स्वतः अनुभवल्याशिवाय कुणालाच नाही कळायचं."

समोरच्या खाटेवर एक म्हातारबाबा कमरेपर्यंत प्लास्टरमध्ये होते. त्यांनी मान इकडे वळवली.

"परवा मी तिथूनच पायी चाललो होतो, बाळा," ते म्हणाले. "दोन्ही अनुभवल्या. जड गाडीच बरी. ती पायावरून सरळ निघून गेली. हलकीनं मला कठड्यापर्यंत फरफटत नेलं."