चार बोटं माया

"आई, कालच झाला होता ना हा फ्रॉक? परत उसवलास?"

आईने मान वर केली नाही. ओठांत सुई होती. खिडकीशी बसून ती एकेक टाका काढत होती. खिडकीबाहेर पाणी. काल पाणी, परवा पाणी, उद्याही तेच. बोटीवरचा सहावा दिवस. अजून चार बाकी.

धाकट्याने स्वतःला पलंगावर टाकून दिलं. ही बोट त्याने निवडलीच नव्हती. महिनाभर डोकं घालून त्याने सात बोटींची माहिती काढली होती. एकीवर पोहायचा तलाव, एकीवर थिएटर, एक तर सहा दिवसांत पलीकडे पोचवणारी. आईने सगळ्या नापास केल्या. विमानाचं तर नावच काढू दिलं नाही. "मला भीती वाटते," एवढंच. शेवटी पसंत पडली ती सगळ्यात जुनी, सगळ्यात सुस्त. दहा दिवस घेणारी! तिने विचारलं ते एकच, "खोलीत उजेड येतो का?"

तो व्हॅन चालवणारा माणूस. साहेबाच्या हातापाया पडून रजा काढली होती, आणि आता डेकवर गोल गोल चकरा मारत होता. त्यात बोटवाले एक दिवसाआड घड्याळ तासभर मागे करायला लावायचे. आधीच वेळ जाता जात नव्हता, वर आणखी एक तास बोनस.

आणि हे सगळं ताईसाठी. ताईने स्वतःच्या मनाने लग्न केलं, समुद्रापार गेली. आईने सात वर्षं तिचं नाव टाकलं. ताई धाकट्याला पोरीचे फोटो पाठवायची. तो फोन आईसमोर धरायचा, आई शिलाई मशीन जोरात चालवायची. मग एक दिवस ताई फोनवर म्हणाली, "आईला म्हणावं, एकदा ये." त्याने निरोप दिला.

"असंच म्हणाली?" आईने विचारलं. "एकदा ये?"

"हो, असंच."

दुसऱ्या दिवशी आईने फ्रॉकचं कापड आणलं. लालचुटूक, बारीक पांढऱ्या ठिपक्यांचं.

त्या कापडाने आता धाकट्याचं डोकं फिरायची वेळ आली होती. तीस वर्षं शिलाई केलेली बाई. एका बैठकीत दोन फ्रॉक उतरवणारी. आणि कडक इतकी, की शिवणीच्या आत बोटभर माया ठेवायची म्हणजे ठेवायची, दोऱ्याइतकीही जास्त नाही. गिऱ्हाईक गयावया करायचं, "मावशी, आत थोडं कापड राहू द्या ना, पोरं वाढतात." आई म्हणायची, "कपडा फुगतो. पोर वाढली की नवा शिवा." ती बाई सहा दिवस एका फ्रॉकशी झटत होती.

दुपारी तर कहर झाला. धाकटा जेवणाच्या रांगेतून डेकवर आला तर आईने कुणाची तरी पोरगी उभी करून तिच्या खांद्याला टेप लावली होती. पोरगी बारा वर्षांची तरी असेल, खिदळत होती. तिचा बाप लांबून तरातरा चालत आला. धाकट्याने त्याची हात जोडून माफी मागितली. वळून बघतो तर आई दुसरीला बोलावतेय. ही आठेक वर्षांची.

"आई, चल खाली. आत्ताच्या आत्ता."

खोलीचं दार लावल्यावर तो फुटलाच.

"ताईची पोरगी पाच वर्षांची आहे! पाच! नातीचं वय विचारायला तुझी जीभ वळत नाही, आणि परक्यांच्या थोराड पोरी मापत फिरतेस?"

"पाच वर्षं दोन महिने," आई म्हणाली. "पौर्णिमेच्या आदल्या दिवशी झाली."

हे त्याने तिला कधीच सांगितलं नव्हतं. एकदा फोन टेबलावर विसरून तो आंघोळीला गेला होता, ते त्याला आत्ता आठवलं.

पण राग अजून पुरता उतरला नव्हता. त्याने फ्रॉक उचलला आणि उलटा केला. खांद्याला, कुशीला, खालच्या घेराला, सगळीकडे आत कापड दुमडून बसवलेलं. बाहेरून फुगू नये म्हणून उसवून, पुन्हा दुमडून, पुन्हा शिवलेलं. जुन्या टाक्यांची भोकं जागोजाग दिसत होती. त्याने बोटं लावून पाहिलं.

"चार बोटं माया? आई, तू?"

"बारा वर्षांची होईपर्यंत पुरेल. पोर वाढेल तशी ताई उसवत जाईल. उसवायला मीच शिकवलंय तिला."

"म्हणून दहा दिवसांची बोट? विमानाने नऊ तासांत पोचलो असतो!"

"नऊ तासांत हे होतं का?"

"घरी शिवायचा होतास मग!"

"घरी हात चालला नाही."

धाकट्याने कपाळाला हात लावला. "अगं पण एवढा आटापिटा कशाला? आत्ता मापाचा शिव. पुढच्या वर्षी नवा शिवून दे की."

आईने फ्रॉक त्याच्या हातातून घेतला, सुलटा केला. सुईत दोरा ओवायला गेली. दोनदा हुकला.

"एकदा ये म्हणालीय ना ती," आई म्हणाली. "एकदाच."