मोरीतला नमदा

"सूनबाई, मोरीचं तोंड मोठं केलंस तर लोक मोठा नमदा आणतील," असं सासूबाई म्हणाल्या, तेव्हा मी ते हसण्यावारी नेलं. आमच्या छोट्या विमानतळाच्या निचऱ्याची पाहणी मीच केली होती. पाण्याची पाळी आली की जो तो धावपट्टीखालच्या मोरीत लोकरीचा जाड नमदा कोंबायचा आणि ओढा आपल्या जर्दाळूंकडे वळवायचा. म्हणून मी माणूस उभा राहील एवढी मोरी बांधून घेतली. आज माझी तान्ही बेगिमाय श्वासासाठी धडपडतेय, खिंडीतला रस्ता बर्फाने बंद आहे, डॉक्टरांचं विमान डोक्यावर घिरट्या घालतंय आणि धावपट्टी पाण्याखाली आहे. "मोरी कुणी बुजवली?" मी ओरडले. "काल आपली पाळी होती, पोरी," सासरे पुटपुटले. "झाडं मोहरलीत. उन्हाळी तंबूचा नमदा नुसता पडूनच होता..." "आता नातीला जर्दाळूच भरवा!" सासूबाई कडाडल्या. नवऱ्याने आणि सगळ्या गल्लीने दोर लावून ओढलं, पण भिजून फुगलेला नमदा हलेना. सासऱ्यांनी टोपी काढून माझ्या हातात दिली, कमरेची सुरी उपसली आणि नमदा कापायला ते त्या बर्फाच्या पाण्यात उतरले. विमानाने आणखी एक फेरी मारली आणि ते खिंडीकडे निघून गेलं. सगळे वरच बघत राहिले. बाळाला मांडीवरून उतरवायचा मला धीर होत नाही, आणि टोपी अजून माझ्याच हातात आहे. तुम्ही तरी मोरीशी जा हो, म्हातारा वर आला का बघा.