चारशे बारा डोकी

"घरात माणसं किती?" नटवर महांतीने विचारलं.

"सात," केतकी म्हणाली.

ओसरीवर सात पत्रावळी मांडलेल्या. प्रत्येकीत मूठभर पखाळ, पाण्यात भिजवलेला कालचा भात. माणूस मात्र एकटी केतकीच.

"बाकीचे कुठायत?"

"नांगराला गेलेत, बाबू. येतीलच इतक्यात."

कटकच्या साहेबाने नटवरला गावोगाव धाडलं होतं. देशाचं उत्पन्न काढायचं होतं. गावात पिकलं किती ते मांडायचं आणि डोक्यांनी भागायचं. माणशी वाटा फारच कमी निघाला तर शेतसारा अर्धा करू, असं साहेबाने कबूल केलं होतं.

पुढच्या घरी नऊ पत्रावळी आणि एक म्हातारा. बाकीचे म्हणे तळ्यावर. त्यापुढच्या घरातले सगळे मामाकडे. नटवर वैतागला. अख्खं गाव एकाच दिवशी घराबाहेर पडतं होय! तो तडक शेतांकडे गेला. चार तुकडे सोडले तर सगळीकडे कमरेइतकं गवत. बांधापलीकडे हाडं पडली होती, तीन वर्षांपूर्वीच्या दुष्काळातली. कवट्या लहान-मोठ्या. तो तसाच गावाकडे वळला.

वडाखाली गावचा म्हातारा मुखिया बनमाळी जेना बसला होता.

"मेलेल्यांना वाढता तुम्ही?" नटवर ओरडलाच.

"वाढावंच लागतं. ना दहन झालं, ना श्राद्ध. दुपार झाली की येतात आणि दारात नुसती उभी राहतात." म्हाताऱ्याने डोळे पुसले. "आणि खरं सांगू, बाबू? त्यांना वगळलंत तर आमचा एकेकाचा वाटा फुगेल. साहेब म्हणेल, गाव श्रीमंत झालं. दुष्काळात साऱ्याची सूट मिळाली म्हणून तगलो; आता पुरा सारा भरायचा तर उरलेलेही मरू आम्ही."

खोटं लिहायला नटवरचा हात धजेना. पण केतकीचं घर डोळ्यांपुढून हलेना. शेवटी मुखियाने एकेक नाव सांगितलं आणि त्याने सगळी लिहून घेतली. मेलेलीसुद्धा, अगदी तान्ह्या पोरांपर्यंत.

"जगन्नाथ तुमचं भलं करो," म्हातारा म्हणाला.

महिन्याने साहेबाचा हुकूम घेऊन नटवर आला. उरलंसुरलं गाव वडाखाली जमलं. केतकी पुढेच बसली होती.

"अर्धा झाला ना, बाबू?"

"थांब गं, वाचू तर दे," नटवर हसून म्हणाला आणि त्याने लखोटा फोडला.

"दुष्काळाआधीच्या नोंदीत या गावची माणसं चारशे बारा. आजही चारशे बाराच. अर्थात, इथे भुकेने कोणीही मेलेलं नाही. सबब, दुष्काळाच्या नावाखाली गावाने घेतलेली साऱ्याची सूट लबाडीची ठरते; ती व्याजासह वसूल करावी."